धावताना ऐकायची गाणी: आधी पावलं मोजा, मग ठेका जुळवा

‘जोश येईल अशी गाणी लावा’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. पहिल्या किलोमीटरला जोश प्रत्येकालाच असतो. गाण्याचं काम पुढे सुरू होतं: पाय जड झाले तरी लय सुटू न देणं.

१. पावलं मोजा. अंग गरम झाल्यावर, बोलता येईल इतक्याच वेगात धावताना उजवं पाऊल ३० सेकंदांत किती वेळा पडतं ते मोजा आणि चारने गुणा. ४१ आले तर मिनिटाला १६४ पावलं. १८० हवीतच असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधल्या धावपटूंची पावलं मोजली, तिथून हा आकडा पसरला. ते शर्यतीच्या वेगात पळणारे जगातले निवडक धावपटू होते. आपण सकाळी शिवाजी पार्कला चकरा मारताना त्यांचा आकडा कशाला?

२. ठेका जुळवा. सगळ्यात जास्त डोकेफोड मी इथे केली आहे. अ‍ॅपने दाखवलेल्या बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला किती ठोके या आकड्यावर, विसंबू नका; बऱ्याचदा तो दुप्पट किंवा निम्मा असतो. गाणं लावा आणि मांडीवर टाळी धरा. मिनिटाला १६४ किंवा ८२ टाळ्या, दोन्ही चालतील. ८२ असतील तर एका टाळीत दोन पावलं.

पण एका टाळीत दोन पावलं हे केरवा तालात जमतं. केरव्याच्या आठ मात्रा, म्हणजे तालातले ठोके, चार-चारच्या, त्यामुळे दुसरं पाऊलही मात्रेवरच पडतं. दादरा ताल तीन-तीनचा. तिथे दर तीन मात्रांना टाळी धरून दोन पावलं टाकलीत, तर दुसरं पाऊल दोन मात्रांच्या मधोमध पडतं आणि पाय अडखळल्यासारखे होतात. कितीही आवडतं भावगीत असो, दादऱ्यातलं असेल तर ते घरी ऐका.

भजनांच्या मैफलीतली रेकॉर्डिंगंही जपून घ्या. शेवटाकडे लय चढत जाते, पावलं नकळत तिच्यामागे जातात आणि छाती भरून येते. मी ती फक्त शेवटच्या किलोमीटरसाठी ठेवते. लांबलचक आलापाने सुरू होणारी गाणी तर सरळ वगळा. ठेका येईपर्यंत लय गेलेली असते.

३. क्रम लावा. सुरुवातीला आपल्या आकड्यापेक्षा थोडी संथ गाणी, मग आकड्यावरची. वेगवान तुकड्यांच्या दिवशी, म्हणजे थोडं अंतर जोरात पळून मग दम घ्यायचा असेल तेव्हा, गाणी नकोतच: जीव तोडून पळताना संगीताने श्रम फारसे हलके वाटत नाहीत, आणि तेव्हा श्वासाकडे लक्ष हवं.

४. रस्त्यावर एकच इयरफोन, तोही उजव्या कानात. समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून आपण रस्त्याच्या उजव्या कडेने धावतो, तेव्हा गाड्या डावीकडून जातात. तो कान मोकळा हवा.