केळीचा वंशवृक्ष डीएनएवरून काढताय? या चुका टाळा

रावेर-यावलच्या वीस बागांतून पानं आणली की वीस नमुने झाले, असा हिशेब बरेच विद्यार्थी करतात. बागा वेगळ्या, शेतकरी वेगळे, पण रोपं सगळी टिश्यूकल्चरची जी-नाईन, एकाच वाणाच्या हुबेहूब प्रती. म्हणजे एकच झाड वीसदा मोजलं. बसराई, श्रीमंती घेऊनही फार काही साधत नाही. ती जी-नाईनसारखीच कॅव्हेंडिश या एकाच गटातली भावंडं. मुसा, म्हणजे केळीच्या प्रजातीचा इतिहास हवा तर बियांच्या रानटी जाती लागतात, आणि त्या ईशान्य भारतात किंवा तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्राच्या संग्रहात शोधाव्या लागतात.

दुसरी गफलत संकरित वाणांची. सफेद वेलचीत अक्युमिनाटा (ए) आणि बाल्बिसियाना (बी) या दोन रानटी जातींचे जनुकसंच आहेत. राजेळी तर एएबी, म्हणजे दोन ए, एक बी. फांद्या फुटणाऱ्या वंशवृक्षात दोन घराण्यांचं लेकरू बसवायचं कुठे? आधी रानटी जातींचा वृक्ष काढा, वाण नंतर तपासा.

डीएनए तपकिरी येतो, पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) चालत नाही? कपड्यावरचा केळीचा डाग आठवा. चिकातली तीच पॉलिफेनॉल्स इथे आडवी येतात. जून पान नको, न उलगडलेला पोंगा घ्या आणि डीएनए काढायच्या सीटॅब द्रावणात पॉलिफेनॉल्स आवरणारी पीव्हीपी व मर्कॅप्टोइथेनॉल ही रसायनं घाला. तरीही अडलं तर डीएनए दहापट पातळ करून बघा, पुष्कळदा तेवढ्यानं भागतं. मे महिन्यात जळगावच्या उन्हात पानं प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून आणणं तर सोडाच. बागेतच सिलिका जेलमध्ये ठेवा.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे फक्त हरितलवकाचा डीएनए वाचून निकाल देणं. केळीत हरितलवक आईकडून येतं, मायटोकाँड्रिया मात्र बापाकडून. वनस्पतींत ही दुर्मीळ गोष्ट, आणि अभ्यासकाच्या पथ्यावर पडणारी. दोन्हींचे वृक्ष जुळले नाहीत की लगेच प्रयोगशाळेला दोष देऊ नका, तिथे संकराचा माग असू शकतो. केंद्रकातला आयटीएस हा डीएनएचा तुकडा वाचताना आलेखात एका जागी दोन शिखरं दिसली, तर सॉफ्टवेअरनं सुचवलेलं अक्षर डोळे झाकून घेऊ नका. क्लोनिंग करून दोन्ही प्रती वेगळ्या वाचा.

बाह्यगट (तुलनेसाठी घ्यायची गटाबाहेरची वनस्पती) म्हणून हळद फार लांबची. सह्याद्रीतली रानकेळ, एन्सेटे सुपर्बम, जवळची. कालगणनेला ओरेगॉनचं सुमारे 4.3 कोटी वर्षांपूर्वीचं एन्सेटेच्या बियांचं जीवाश्म वापरता येतं, पण ते किमान वय सांगतं, जन्मतारीख नव्हे.