लोडर घ्यायचाय? आधी श्रावणातला गोठा डोळ्यांपुढे आणा

वैशाखात उकिरडे उपसायला लागले की गावोगाव लोडरची, म्हणजे पुढच्या बकेटने माल उचलणाऱ्या यंत्राची, चौकशी सुरू होते. वर्षभराचा ढीग समोर असतो, मजूर मिळत नाहीत, जेसीबीवाला ‘परवा येतो’ म्हणून आठ दिवस घालवतो. वैतागलेला माणूस मग शोरूम गाठतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, या पंधरवड्यात लोडरचा सौदा करू नका. उकिरडा वर्षातून एकदा उचलायचा असतो, गोठा रोज. लोडर रोजच्या कामासाठी घ्यायचा आणि वर्षाचं काम भाड्याच्या मशीनकडून करून घ्यायचं.

हिशेब घरीच मांडता येतो. संकरित गाय दिवसाला साधारण १५ ते २० किलो शेण टाकते. २० गाई धरल्या तर रोजचं ३०० ते ४०० किलो, वर उष्टावळीचा चारा. वर्षभराचा हा ढीग कुजून निम्म्याहून कमी होतो. भाड्याचा जेसीबी आणि दोन ट्रॉल्या असल्या तर एक-दोन दिवसांत तो शेतात पडतो. तेवढ्यासाठी लाखांचं यंत्र दारात उभं करायची गरज नाही. जेसीबी मात्र रोहिणी लागायच्या आत सांगून ठेवा. मृग जवळ आला की सगळ्या गावाला तो एकाच दिवशी हवा असतो. ऑपरेटरला बजावा, तळाचा अर्धा फूट सोडून दे. नाहीतर खताबरोबर मुरूम आणि दगड शेतात जातात आणि पुढे रोटाव्हेटरची पाती मोडतात. ढीग उलटताना पिकांची मुळं खाणाऱ्या हुमणीच्या पांढऱ्या अळ्या दिसल्या तर वेचून नष्ट करा. अर्धवट कुजलेलं खत रानात टाकलं की हुमणीही त्याच्यासोबत जाते.

आता रोजच्या कामाकडे वळू. १०-१२ गाईंच्या आतला बांधीव गोठा असेल तर लोडरच घेऊ नका. दोन चाकांची चांगली ढकलगाडी आणि उकिरड्यापर्यंत पक्का कोबा, एवढ्यात काम भागतं. हे अनेकांना पटत नाही, पण कोब्याचा पैसा लोडरच्या आधी खर्च झाला पाहिजे. जमीन कच्ची असेल तर पावसाळ्यात लोडर दोन दिवसांत रस्त्याचा राडा करतो, आणि ज्या महिन्यांत त्याची खरी गरज असते तेव्हाच तो रुतून बसतो.

१५ ते ४० गाई आणि मुक्त गोठा (जनावरं न बांधता मोकळी ठेवलेला) असेल तर लोडरला अर्थ आहे. अशा ठिकाणी घरात ट्रॅक्टर बहुधा असतोच, त्यालाच पुढे लोडर बसवणं परवडतं. स्वतंत्र स्किड स्टीअर लोडर जागच्या जागी वळतो आणि अरुंद जागेत फार छान चालतो. पण तो पेरणी करत नाही, ट्रॉली ओढत नाही. ६०-७० जनावरांच्या खाली मी तो कुणाला सुचवणार नाही.

मी पहिल्यांदा चुकलो ते वजनात. २२ गाई होत्या आणि २४ एचपीचा छोटा ट्रॅक्टर होता. विक्रेत्याने सांगितलं, ‘५०० किलो आरामात उचलतो.’ उन्हाळाभर उचललंही. श्रावणात एका सकाळी पावसाने भिजलेलं शेण काठोकाठ भरलं, बकेट वर घेतली आणि उकिरड्याच्या उताराला लागलो. मागचं डावं चाक जमिनीवरून सुटलं. मी ब्रेक दाबला, पण ट्रॅक्टर थांबेना. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्या चाकांवर असतात, आणि मागचं चाकच अधांतरी असेल तर ब्रेक धरणार कशाला? हातातला लिव्हर ढकलून बकेट खाली टेकवली म्हणून वाचलो. नंतर कळलं, ते ५०० किलो बकेट जमिनीलगत असतानाचे होते. पूर्ण उंचीवर तोच लोडर त्यापेक्षा बराच कमी उचलतो, आणि बकेटचं स्वतःचं वजनही त्यातूनच वजा होतं.

म्हणून विकणाऱ्याला विचारायचं ते असं: पूर्ण उंचीला, बकेट लावून, किती किलो? कागदावर लिहून मागा.

दुसऱ्या बाजूने तुमचा माल किती जड आहे तेही बघा. २० लिटरची बादली ओल्या शेणाने भरून काट्यावर ठेवा, १८ ते २० किलो भरेल. तीच बादली मोकळ्या मुरघासाने (हवाबंद साठवून आंबवलेल्या चाऱ्याने) भरली तर सात-आठ किलोंच्या आसपास. म्हणजे ३०० लिटरच्या बकेटमध्ये शेण ३०० किलोंच्या घरात जातं, आणि मुरघास सव्वाशेच्या पुढे जात नाही. शेणासाठी बकेट लहान घ्या, मुरघासासाठी हलक्या मालाची मोठी वेगळी घ्या. एकच मोठी बकेट दोन्हीला वापरली की शेण भरताना ट्रॅक्टर पुढे कलंडू लागतो.

ट्रॅक्टर शक्यतो ४० एचपीच्या वरचा, चारही चाकं ओढणारा असावा आणि पॉवर स्टीअरिंग हवंच. भरल्या बकेटने साधं स्टीअरिंग फिरवून खांदे भरून येतात. लोडरचं काम म्हणजे सारखं पुढे-मागे, त्यात क्लच झिजतो. पुढच्या-मागच्या गिअरसाठी वेगळा शटल लिव्हर असेल तर ट्रॅक्टरही टिकतो आणि माणूसही. पुढे वजन वाढलं की मागेही ते द्यावं लागतं. मागच्या टायरमध्ये पाऊण भागापर्यंत पाणी भरून घ्या (१३.६-२८ च्या टायरमध्ये सुमारे दोनशे लिटर बसतं), शिवाय मागे अवजारं जोडायच्या तीन पॉइंटला काँक्रीटचा ठोकळा टांगा. बकेट भरलेली असेल तेव्हा ती गुडघ्याच्या खाली ठेवूनच चालायचं. आणि बकेटमध्ये माणूस चढवायचा नाही, पत्रा ठोकायलाही नाही.

मापं घ्यायची टेप खिशात ठेवा. दाराची रुंदी सगळे मोजतात, पण छपराची आडवी कैची आणि लोंबणारी वायर सहसा कुणी मोजत नाही. ट्रॉलीची वरची कड जमिनीपासून किती, तेही मोजा. पत्रकावरची उंची बहुधा बकेट जिच्यावर फिरते त्या पिनपर्यंतची असते. बकेट उलटी केली की तिचं तोंड त्याहून बरंच खाली येतं, आणि ते ट्रॉलीच्या कडेवर अर्धा फूट तरी राहिलं पाहिजे. गोठ्यातल्या कोब्यावर लोखंडी पात्याने रोज खरडलं तर कोबा गुळगुळीत होतो आणि गाई घसरून मांड्या फाकतात. तिथे रबरी पट्टीचं खोरं लावा.

मुरघासाच्या खड्ड्यात बकेट तळातून घुसवून वर उचलू नका. थर मोकळे होतात, हवा शिरते, चारा तापतो, शिवाय वरची भिंत अंगावर कोसळण्याचा धोका असतो. वरून खाली तासत आणा आणि उन्हाळ्यात रोज फूटभर तरी थर संपेल इतकाच रुंद खड्डा ठेवा.

अनुदान बघत असाल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर आधी पूर्वसंमती मिळवा. त्याआधीचं बिल चालत नाही. शेण-मूत लोखंड खातं, म्हणून बकेट रोज धुवायची आणि पिनांना ग्रीस द्यायचं. ग्रीस निप्पल हात पोचेल अशा जागी आहेत का, हे शोरूममध्येच वाकून बघा.

सौदा ठरवायच्या आधी यंत्र तुमच्या गोठ्यावर मागवा, एखादा वळवाचा पाऊस पडून गेल्यावर. बकेट तुमच्याच ओल्या शेणाने भरा, तुमच्याच ट्रॉलीत टाका. कंपनीच्या माणसाला बाजूला उभं करा आणि सीटवर त्याला बसवा, जो रोज पहाटे साडेपाचला हा लोडर चालवणार आहे, मग तो मुलगा असो, गडी असो की घरची लक्ष्मी.