घण उचलण्याआधी घेणारा शोधा

पाडकामाच्या साइटवर सुपरवायझर म्हणून माझी बरीच वर्षं गेली. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी मी त्याच्या हातात घण देत नाही, वही देतो. इमारतीतून काय निघणार आणि ते कोण उचलणार, हे दोन रकाने भरल्याशिवाय भिंतीला हात लावायचा नाही. दाराला, विटेला, सळईला घेणारा मिळतो. सगळं एकत्र कालवलेल्या राडारोड्याला कोणी विचारत नाही.

अंदाज बांधणं अवघड नाही. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि साडेबारा सेंटिमीटर जाडीचा स्लॅब म्हणजे १२.५ घनमीटर. घनमीटरला २४०० किलो धरले की ३० टन. घनमीटरमागे ८० किलो सळई असेल तर त्यातलं एक टन लोखंड. फोडल्यावर माल फुगतो, त्यामुळे गाड्या ठरवताना आकारमान दीडपट धरा.

आता घेणाऱ्याला फोन करून एकच प्रश्न विचारा: माल कसा हवा? क्रशरवाला, म्हणजे काँक्रीट यंत्रात फोडून खडी करणारा, किती मोठा तुकडा घेतो, लाकूडवाल्याला खिळे काढून हवेत का, भंगारवाला तांबं आणि अॅल्युमिनियम वेगळं मागतो का. कामाचा क्रम या उत्तरांवरून ठरतो.

सर्वांत आधी धोक्याचा माल बाहेर काढायचा. जुने सिमेंटचे पत्रे अॅस्बेस्टॉसचे असू शकतात. शंका असेल तर तपासून घ्या, तोवर फोडू नका. काढायचे तर त्याचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसांकडूनच, ओले करून आणि अख्खे. जुन्या ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, त्याही न फोडता वेगळ्या खोक्यात. मग दारं, चौकटी, तावदानं, वायरी, नळ.

जिप्समबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय. एकदा घाईत जिप्समचं फॉल्स सीलिंग तसंच ठेवून स्लॅब पाडला. पांढरा चुरा काँक्रीटमध्ये मिसळला आणि क्रशरवरून गाडी भरलेलीच परत आली. क्रशरवाला बरोबर होता. जिप्सममधलं सल्फेट खडीत गेलं की पुढच्या काँक्रीटला फुगून तडे जाऊ शकतात. हाच चुरा ओल्या, हवा न लागणाऱ्या भरावात गाडला तर सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. म्हणून सीलिंग आधी उतरवा आणि कोरडं ठेवा.

विटांचं गणित सांध्यावर असतं. चुन्याचा सांधा छिन्नीने सुटतो आणि वीट अख्खी हाती येते. सिमेंटचा सांधा बहुधा विटेलाच घेऊन फुटतो. एक चौरस मीटर भिंत हाताने सोडवून पाहा, निम्म्याहून जास्त विटा तुटल्या तर सरळ तुकड्यांच्या ढिगात टाका. हौस म्हणून मजुरी जाळू नका.

साइटपासून घेणाऱ्यापर्यंतची साखळी खरी तुटते ती वाटेत. डंपर साइटवरून निघतो आणि ओढ्याकाठी रिकामा होतो. यावर माझा एकच इलाज आहे: प्रत्येक खेपेला क्रमांक, आणि माल उतरला तिथली वजनाची पावती आल्याशिवाय भाडं नाही. संध्याकाळी निघालेल्या आणि पोचलेल्या खेपा वहीत जुळवायच्या. सुरुवातीला ड्रायव्हर कुरकुरतात, मग तेच पावती आठवणीने आणतात. काढलेल्या मालाची मालकी कोणाची, हेही करारात आधीच लिहून घ्या. नाहीतर तांब्याच्या वायरीवरून भांडण ठरलेलं.

गाडी परतताना रिकामी कशाला आणायची? त्याच क्रशरवरून फेरवापराची खडी भरून आणा. तिला जुना सिमेंट-वाळूचा मसाला चिकटलेला असतो म्हणून ती पाणी जास्त पिते. काँक्रीटमध्ये वापरायची तर आधी भिजवून घ्या. रस्त्याखालच्या थराला आणि फरशीखालच्या भरावाला ती उत्तम चालते. तुळई-खांबांसाठी मात्र चाचणीचा कागद पाहून इंजिनिअर हो म्हणेपर्यंत ती वेगळ्या ढिगात राहू द्या, आणि ढिगावर पाटी लावा.