कंपोस्ट शिकवायचंय? आधी सुक्या पाल्याची सोय करा

ओल्या कचऱ्याचं खत शिकवण्याचा उपक्रम पहिल्या दिवशी सहसा फसत नाही. तो फसतो दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, बादलीला वास सुटला आणि झाकण उघडताच तोंडावर चिलटं आली की. बहुतेक वेळा कारण एकच असतं: सुकं साहित्य संपलेलं असतं, किंवा ते घालायचा कंटाळा केलेला असतो. म्हणून बादल्या वाटायच्या आधी सुक्याचा साठा कुठे राहील आणि तो कोण भरेल, एवढं पक्कं करून घ्या.

अंदाज काढणं सोपं आहे. घरातून रोज लिटरभर ओला कचरा निघत असेल तर त्यावर दीड ते दोन लिटर सुकं लागतं. दीड लिटर धरलं तरी १२ घरांचे महिन्याला ५४० लिटर होतात. म्हणजे पोत्यांची थप्पीच लागते, एखादी पिशवी पुरत नाही. वाळलेला पालापाचोळा सगळ्यात चांगला, पण चुरून घ्या. अख्खी पानं एकमेकांना चिकटून हवा अडवतात. फाडलेला साधा पुठ्ठा आणि वर्तमानपत्रही चालतं. लाकडाचा भुसा जपून वापरा. त्यात कार्बन इतका जास्त असतो की नुसत्या भुशाने कुजण्याचा वेग मंदावतो, शिवाय तो दाबून बसतो. रंग किंवा पॉलिश लागलेल्या लाकडाचा भुसा अजिबात नको.

तुकडी आणि पहिला तास

एका वेळी १० ते १२ घरंच घ्या. आठवडाभर आधी प्रत्येकाला ओला कचरा वेगळा ठेवून रोज वजन लिहायला सांगा. ज्या घराला सात दिवस एवढंही जमलं नाही, त्याला बादली देऊन उपयोग नसतो. ते घर पुढच्या तुकडीत घ्या, रुसवा आला तरी चालेल.

तासाला भाषण कमी, हात जास्त. तीन बरण्या तयार ठेवा: एकीत पिकलेलं खत, दुसरीत अर्धवट कुजलेलं पण नीट चाललेलं मिश्रण, आणि तिसरीत पाच दिवस झाकण लावून ठेवलेला नुसता ओला कचरा. तिन्ही हुंगायला द्या. तिसरी बरणी मोकळ्या हवेत उघडा. तो वास एकदा नाकात बसला की सुकं कशासाठी घालायचं, हे वेगळं समजवावं लागत नाही.

मग मुठीची चाचणी. प्रत्येकाने मिश्रण मुठीत घट्ट दाबायचं. एखाद-दुसरा थेंब आला तर ओल बरोबर. धार लागली तर जास्त, आणि मूठ उघडताच सगळं भुरभुरून पडलं तर कमी. आकड्यात सांगायचं तर ५० ते ६० टक्के ओल हवी, पण घरी मोजमापाला मूठच कामाला येते.

बादली

एका घराला झाकणाच्या, २० लिटरच्या तीन बादल्या लागतात, कारण पहिली भरायला तीन-चार आठवडे जातात आणि भरल्यावर ती दोन महिने तरी पिकत ठेवावी लागते. बुडाला आठ-दहा आणि अंगाला चार बोटांच्या अंतराने ओळीत, ६ ते ८ मिलिमीटरची भोकं ड्रिलने पाडा. खाली दोन विटा आणि ताट ठेवा. बुडाशी पाच-सात सेंटिमीटर काटक्या किंवा पुठ्ठ्याचे जाड तुकडे घाला, त्यावर पिकलेलं खत दोन मुठी, विरजण म्हणून. विकतची पावडर नसली तरी काही अडत नाही.

रोज साली, देठ, चहा-कॉफीचा चोथा दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून घालायचा आणि त्यावर सुक्याचा थर द्यायचा. एकही साल वरून दिसता कामा नये. तीन-चार दिवसांनी बुडापर्यंत ढवळायचं.

मांस, मासे, हाडं, दुग्धजन्य पदार्थ, तेलकट उरलेलं अन्न आणि कुत्र्या-मांजराची विष्ठा नको. रोग लागलेली झाडं आणि बी धरलेलं तणही नको, कारण एवढीशी बादली पुरेशी तापत नाही. रोगजंतू मरायला मिश्रण ५५ अंश सेल्सिअसच्या वर सलग तीन दिवस तरी राहावं लागतं, आणि त्यासाठी साधारण एक घनमीटरचा ढीग हवा. सामायिक ढीग केलात तर पलटताना बाहेरचं आत आणि आतलं बाहेर झालं पाहिजे, नाहीतर कडा थंडच राहतात.

तिसरा, दहावा आणि एकविसावा दिवस

या तीन दिवशी घरोघरी जा. बादली तुम्ही ढवळू नका; घरच्यांना उघडायला लावा आणि काय दिसतंय ते त्यांनाच सांगू द्या.

सडक्या अंड्याचा वास म्हणजे आत हवा नाही. बादली रिकामी करून, दुप्पट सुकं कालवून पुन्हा भरा. वरून नुसता पाला टाकला तर वास झाकला जातो, बुडाची चिखलगाळ तशीच राहते. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे नायट्रोजन जास्त झाला, तिथेही कार्बन, म्हणजे सुकं, वाढवायचं. कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण २५ ते ३० ला एक असावं लागतं आणि स्वयंपाकघरातला कचरा एकटा तिथवर पोचत नाही. मुंग्या लागल्या तर मिश्रण कोरडं पडलंय, पाणी शिंपडा. चिलटं झाली तर वरचा सुका थर जाड करा आणि फळांच्या साली आत पुरा.

सगळ्यात जास्त दचकवतात त्या जाडसर, चपट्या, करड्या अळ्या. बऱ्याचदा त्या ब्लॅक सोल्जर माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, कचरा भराभर खातात आणि ओल कमी झाली की कमीही होतात. हे पहिल्याच तासाला सांगून ठेवा. नंतर सांगितलं तर सारवासारव वाटते. पांढरी बुरशी दिसली तर काहीच करायचं नाही.

ताटात उतरलेलं पाणी सुकं कमी पडल्याची खूण आहे. ते दहापट पाणी घालून शोभेच्या झाडांच्या मातीत ओता, पालेभाज्यांवर नको.

खत झालं का?

रंग काळपट, वास मातीचा आणि काड्या सोडल्या तर मूळ काय होतं ते ओळखू येत नाही, अशी स्थिती आली की मूठभर ओलसर खत पिशवीत बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर आंबूस वास आला तर अजून कच्चं आहे. कच्चं खत मातीत गेलं की कुजणं तिथेच चालू राहतं, झाडाचा नायट्रोजन ओढला जातो आणि पानं पिवळी पडतात. वास नसेल तर चाळून घ्या, काड्या पुढच्या बादलीच्या बुडाला घाला. एक भाग खत आणि तीन भाग माती असं मिसळून त्यात लवकर उगवणारं बी दहा दाणे टाका, शेजारी नुसत्या मातीत दहा. खताच्या कुंडीत स्पष्टपणे कमी उगवले, तर बादली आणखी दोन-तीन आठवडे झाकून ठेवा.