एचआर स्टेनलेसची कॉइल घेताना चुंबकावर विसंबू नका

वरुड-मोर्शी पट्ट्यात संत्री धुण्याच्या टाक्या, दालमिलचे हॉपर असली कामं करणाऱ्यांसाठी ही टीप, एचआर म्हणजे गरम लाटलेल्या (हॉट रोल्ड) स्टेनलेस पत्र्याची गुंडाळी, म्हणजे कॉइल, घेण्याबद्दल. चुंबक चिकटलं नाही म्हणजे माल 304 या चांगल्या दर्जाचा, हा समज आधी सोडा. 202 या हलक्या दर्जालासुद्धा चुंबक चिकटत नाही. फरक आहे निकेलचा: 304 मध्ये साधारण 8 टक्के, 202 मध्ये 4 ते 6, निकेलची कमी मँगनीजनं भरून काढलेली. अशाच 202 मालाच्या एका टाकीवर पहिल्याच पावसाळ्यात वेल्डिंगच्या कडेने तांबूस डाग फुटले, पैसे आम्ही 304 चेच मोजले होते.

म्हणून मँगनीज तपासायच्या द्रावणाची छोटी बाटली खिशात ठेवा. ग्राइंडरने जरा घासून त्यावर थेंब टाका. पटकन लाल झाला तर माल 200 सिरीजचा, म्हणजे 202 सारखा. कॉइलवरच्या टॅगचा हीट नंबर (भट्टीतल्या त्या घाण्याचा क्रमांक) आणि मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटवरचा नंबर जुळतो का, तेही तिथंच उभं राहून पाहा. झेरॉक्सवर खाडाखोड दिसली की परत फिरा.

जाडी मायक्रोमीटरनं मोजा, पण अगदी काठाला नको. काठ पातळच असतो. 3 मिमीचा पत्रा चौरस मीटरला सुमारे 24 किलो भरतो. बिलातलं वजन धरमकाट्याशी ताडून घ्या.

आणि गावात डीकॉइलर (गुंडाळी सोडायचं यंत्र), लेव्हलर (पत्रा सपाट करायचं यंत्र) नसेल तर अख्खी कॉइल आणूच नका. नागपुरातच मापात कापून, सपाट करून घ्या. गुंडाळी हातानं सोडायला जाल तर पट्टा उसळून माणूस जायबंदी होतो.