स्वतःच्या उपकरणाला सिरियल नेटवर्क देताना

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रींसाठी मी तापमान आणि वीज मोजणारे बोर्ड बनवते. या धंद्यात नव्याने उतरलेले हमखास विचारतात, "मॅडम, आपलाच छोटासा प्रोटोकॉल (उपकरणांनी बोलायचे नियम) लिहिला तर?" कृपा करून लिहू नका. गिऱ्हाइकाच्या पॅनेलमधल्या पीएलसीला (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला) आणि एचएमआयला (ऑपरेटरच्या पडद्याला) बहुतेक वेळा मॉडबस हा प्रोटोकॉल आधीच येत असतो. तुमचा प्रोटोकॉल शिकवायला मात्र प्रत्येक साइटवर तुम्हालाच जावं लागेल.

आधी कागदावर हिशेब मांडा: किती उपकरणं, किती लांब, आकडा किती वेळाने हवा. ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट या वेगाला, ११ बिटांचा एक बाइट साधारण १.१५ मिलिसेकंदांत जातो. दहा रजिस्टर (उपकरणातले आकड्यांचे क्रमांकित कप्पे) वाचायला ८ बाइटची विचारणा आणि २५ बाइटचं उत्तर, म्हणजे तारेवर ३८ मिलिसेकंद. मीटरला उत्तर जुळवायला लागणारा वेळ धरून शंभर पकडा. वीस मीटरना एकेकदा विचारण्याची फेरी दोन सेकंदांत होते. भट्टीचं तापमान आणि युनिट बघायला एवढं भरपूर आहे, मग आरएस-४८५ वर (दोन तारांच्या सिरियल लाइनवर) मॉडबस आरटीयू, म्हणजे मॉडबसचा सिरियल प्रकार, घ्या. पण स्लेव्ह, म्हणजे तुमचं उपकरण, स्वतःहून बोलू शकत नाही, मास्टरने (बहुधा पीएलसीने) विचारलं तरच उत्तर देतो. घटना घडताक्षणी उपकरणानेच कळवायला हवं असेल तर कॅन (CAN) या दुसऱ्या नेटवर्ककडे वळा, तिथे महत्त्वाचा संदेश आधी जातो. फक्त १ एमबीपीएसला केबल ४० मीटरच्या आसपासच चालते. इमर्जन्सी स्टॉप मात्र यातल्या कशावरही टाकू नका, त्याची वायर वेगळीच ओढा.

मॉडबस १९७९ मध्ये मॉडिकॉनने आपल्या पीएलसीसाठी काढला, आणि तो आजही टिकलाय याचं कारण एका फ्रेममध्ये (एका पूर्ण संदेशात, बाइट हेक्समध्ये) दिसतं: ०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी. एक नंबरच्या स्लेव्हा, शून्यापासून दोन होल्डिंग रजिस्टर (वाचता-लिहिता येणारी) दे. शेवटचे दोन बाइट सीआरसी, म्हणजे चूक पकडणारा तपासणीचा आकडा, त्यातला खालचा बाइट आधी. लहानशा मायक्रोकंट्रोलरवर हे आरामात बसतं. सुरुवातीला फंक्शन ०३ (रजिस्टर वाचणं), ०६ (एक लिहिणं) आणि १६ (अनेक लिहिणं) एवढीच करा. न येणारं फंक्शन आलं तर गप्प बसू नका, एक्सेप्शन ०१, म्हणजे 'हे फंक्शन येत नाही', परत पाठवा. समोरच्या माणसाचे तास वाचतात.

खरी मेहनत रजिस्टर मॅपवर घ्या. रजिस्टर १६ बिटांचं, फ्लोटला (दशांश आकड्याला) दोन लागतात, आणि कुठलं आधी हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. २३०.० व्होल्ट म्हणजे हेक्समध्ये ४३६६ ००००. अदलाबदल झाली की पडद्यावर जवळजवळ शून्य दिसतं. म्हणून मी व्होल्टेज दहाने गुणून पूर्णांकात देते, २३०.४ चे २३०४. मॅन्युअलमधलं पहिलं रजिस्टर ४०००१ तारेवर ० म्हणून जातं, हेही तक्त्यात स्पष्ट लिहा. मॉडबसमध्ये पासवर्ड नसतो, तेव्हा सेटपॉइंट (उपकरणाने राखायचा आकडा) लिहिला गेला की त्याची मर्यादा उपकरणातच तपासा.

वायरिंगचं पान मॅन्युअलमध्ये हवंच. इंडक्शन फर्नेसच्या केबलसोबत एकाच ट्रेमधून सिग्नलची केबल नेली की सीआरसीच्या चुका सुरू होतात. ट्विस्टेड पेअर, शिल्ड, आणि एका उपकरणातून दुसऱ्यात अशी ओळीने जोडणी. फाटे फोडायचे नाहीत. फक्त केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर. कॉमनची, म्हणजे उपकरणांचे ग्राउंड जोडणारी, तिसरी तारही ओढा. साध्या ट्रान्सीव्हरवर (लाइनवर सिग्नल टाकणाऱ्या चिपवर) एका लाइनला ३२ उपकरणं, कमी वेगाला १२०० मीटर. सिग्नलच्या दोन तारांच्या ए आणि बी या खुणा सगळ्यांच्या सारख्या नसतात. उत्तर येत नसेल तर या दोन तारा उलटून बघा, जळत काही नाही.

शेवटची चाचणी म्हणजे चालू लाइनवर एका मीटरची वीज काढा. टाइमआउट (उत्तराची वाट बघायचा वेळ) एक सेकंद आणि रिट्राय (पुन्हा विचारणं) तीन ठेवले असतील तर दोन सेकंदांची फेरी सहा सेकंदांच्या आसपास जाते. मी टाइमआउट ३०० मिलिसेकंद ठेवते, रिट्राय एकच, आणि बंद पडलेल्या मीटरला मिनिटातून एकदाच विचारते.