कथेतील घर आणि घरातील वस्तू: प्रतीके योजताना या चुका टाळा

लघुकथेतील वस्तूला प्रतीकाचे बळ येते ते तिच्या वापरातून. नवोदितांच्या कथांत मात्र आई गेली की तुळस सुकते, नाते तुटले की आरसा तडकतो, आणि पुढचे सारे वाचकाला आधीच कळून चुकते. वस्तू निवडताना तिचा ठरीव अर्थ बाजूला ठेवून ती घरात कोण हाताळते, कोणाला हाताळू दिली जात नाही आणि ती बिघडली की कोणाचे अडते, एवढे आधी ठरवावे.

दुसरी चूक वस्तू आणि वास्तू यांचा मेळ न घालण्याची आहे. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर पाटा-वरवंटा दाखवायला हरकत नाही. मात्र नौपाड्यातील जुनी इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा तो टाकून द्यायला कोणी नकार दिला, आणि आता ड्राय बाल्कनीत तो वॉशिंग मशीनची जागा अडवतो म्हणून कोण कुरकुरते, हे कथेत यायला हवे. त्या कुरकुरीतूनच त्याला अर्थ चढतो. एखाद्या पात्राच्या तोंडी ‘परंपरेचे ओझे’ हे शब्द घातले की तो अर्थ तेथेच संपतो.

चाळ म्हणजे माया आणि टॉवर म्हणजे एकाकीपण, ही जोडी तर आता निकालात काढावी. (सामायिक नळावरची भांडणे या मायाळू चाळींतून कुठे नाहीशी होतात, कोण जाणे!) घराची रचनाच पुष्कळदा कथानक पुरवते. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात नवी मुंबईतील बेलापूरला आखलेल्या आर्टिस्ट्स व्हिलेज या वसाहतीमध्ये साधारण सात-सात घरे एकेका अंगणाभोवती आहेत, आणि कुटुंबाच्या गरजेप्रमाणे प्रत्येक घर वाढवता यावे म्हणून शेजाऱ्याशी सामायिक भिंत ठेवलेली नाही. अशा घरावर लिहिताना ‘अंगण म्हणजे जिव्हाळा’ एवढ्यावर थांबणाऱ्याच्या हातून खरी गोष्ट निसटते: वरची खोली कोणाच्या लग्नासाठी चढवली, पैसे कोणी घातले आणि आज तिची किल्ली कोणाकडे असते.

एका कथेला अशी एक वस्तू पुरे. शंका आल्यास ती वगळून कथा पुन्हा वाचावी. एकही प्रसंग बदलत नसेल, तर ती निव्वळ सजावट समजावी. शेवटच्या परिच्छेदात कुलूप किंवा रिकामी खुर्ची अचानक उगवत असेल, तर तो परिच्छेद झाकून कथा त्याआधीच संपली आहे का, हे तपासावे. बहुतेकदा ती संपलेली असते.